सारखे नसलेले दोन मीटर

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या खानदानात अक्षर ओळखणारा मीच पहिला, असं आमच्याकडचे लोक कौतुकानं सांगत. ते खोटं आहे. माझा एक काका पोथी वाचायचा, महानुभावांच्या रिद्धपूरला त्याचं जाणं-येणं होतं. पण कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही.

भातकुलीच्या रस्त्याला आमचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर. दसऱ्याच्या सुमाराला झेंडू, थंडीत शेवंती. पहाटे बाबांच्या बैलबंडीत टोपल्यांच्या वर बसून मी अमरावतीच्या बाजारात यायचो, टोपल्या उतरवायचो आणि तिथूनच कॉलेजात जायचो. अंगाला मेथीचा वास यायचा. वर्गातली पोरं नाक मुरडत नसत, तेवढी सभ्य होती. फक्त माझ्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे.

पास झालो आणि त्याच कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. हंगामी. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी पाठवायचं आणि कॉलेज उघडलं की पुन्हा बोलवायचं. बाबांनी विचारलं, "हंगामी म्हंजे काय रे?"

"कापूस येचाले बाया लावतात ना, तसं."

"मंग त्याले नोकरी काहून म्हणून राहिला?"

माझ्यासारखाच आणखी एक हंगामी होता, अकोल्याच्या एका वकिलाचा मुलगा. स्वभावानं चांगला. माझ्या डब्यातली भाकर तो मागून खायचा, आणि तेव्हाच्या अमरावतीत ही गोष्ट लहान नव्हती. आम्हा दोघांतून एकाला कायम करायचं, असं ठरलं होतं. नागपूरहून तपासणीचे साहेब येणार, प्रयोगशाळा पाहणार, ती जागा मंजूर करणार, आणि मग आमच्यातला एक पक्का होणार. दुसऱ्यानं आपलं बघावं. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता.

आमचे विभागप्रमुख गावातल्या जुन्या, शिकलेल्या घरातले. वडील वकील, आजोबा पुराण सांगणारे. आवाज कधी चढवायचे नाहीत. इंग्रजी पुस्तक कसं वाचावं हे मला त्यांनीच शिकवलं. आधी आकृती पाहायची, मग मजकूर, असं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की ते दुष्ट होते. दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं.

लढाई नुकती संपली होती. लष्कराचा उरलेला माल लिलावात निघत होता, त्यातून सरांनी जबलपूरकडून एक पेटी आणवली. आत व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर होता, पण गाण्याचा नव्हे. उडत्या विमानावर तोफ रोखायला जी आकडेमोड लागते, ती करणाऱ्या मोठ्या यंत्राचा तो एक तुकडा. त्याला दोन ठिकाणी दोन व्होल्टेज दिले की तो त्यांची बेरीज करून तिसरीकडे काढायचा. तिथं सुईचा मीटर लावला की बेरीज डोळ्यांनी दिसे. आज कोणी हसेल. तेव्हा सगळ्या सी. पी. अँड बेरारात असं दुसरं यंत्र होतं की नाही मला माहीत नाही, मी तरी पाहिलं नव्हतं.

त्या पेटीबरोबर वीज पुरवणारा भाग आलाच नव्हता. झाकणाला आतून एक कागद तेवढा चिकटवलेला होता. शून्याच्या वर इतके व्होल्ट द्या, शून्याच्या खाली इतके. वरचा आकडा मोठा, खालचा जवळजवळ त्याच्या निम्मा.

सर म्हणाले, "लढाईच्या घाईत छापलंय हे. प्लस आणि मायनस म्हणजे तराजूची दोन पारडी. दोन्ही सारखीच असणार."

तेव्हा मलाही ते खरं वाटलं. पण कागद काही डोक्यातून जाईना. बाजारात टोपल्या उतरवतानाही मी त्याचाच विचार करायचो. शेवटी उमगलं ते असं. व्हॉल्व्ह स्वस्थ असतो तेव्हा त्याचं टोक शून्यावर नसतं, बरंच वर लटकलेलं असतं. आपल्याला उत्तर तर शून्यापासून मोजायचं. म्हणून त्या टोकापासून खालच्या बाजूपर्यंत रेझिस्टन्सची एक शिडी सोडलेली असते, आणि शिडीच्या ज्या पायरीवर बरोबर शून्य येतं, तिथून उत्तर काढून घ्यायचं. ती पायरी कुठली, हे वरच्या आणि खालच्या बाजूच्या प्रमाणावर ठरतं. दोघं सारखे असायची काही गरज नाही. प्रमाण मात्र मोडता कामा नये.

आणि अमरावतीची वीज म्हणजे काय, हे ज्यानं तेव्हा पाहिलं त्यालाच कळेल. कॉलेजच्या मागं तेलाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की प्रयोगशाळेतला दिवा लाल व्हायचा, मग हळूहळू सावरायचा. व्होल्टेज स्थिर ठेवणारी नळी आमच्याकडे नव्हती आणि मिळण्यासारखीही नव्हती. तेव्हा मी सरळ विचार केला. व्होल्टेज पडणार, ते काही मी थांबवू शकत नाही. मग दोन्ही बाजू एकाच ट्रान्सफॉर्मरवरून घ्याव्या. वरची पडली की खालचीही त्याच हिशेबानं पडेल, पायरीवरचं शून्य हलणार नाही. व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार, फिलामेंट, तेवढी ॲक्युम्युलेटरवर, म्हणजे मोटारीत असते तशा बॅटरीवर, ठेवली, म्हणजे व्हॉल्व्हची धग कमी-जास्त व्हायला नको.

एक मोडका ट्रान्सफॉर्मर मी स्वतः पुन्हा गुंडाळला. पुढ्यात दोन मीटर लावले, एक वरच्या बाजूचा, एक खालच्या. एकाची सुई उंच, दुसऱ्याची निम्म्यावर. गिरणी सुरू झाली की दोन्ही सुया बरोबरच वाकायच्या आणि बेरजेची सुई एकदा थरथरून जागेवर यायची. हे मी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, गिरणी चालू असताना आणि बंद असताना पाहिलं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी बाजाराच्या रस्त्यानं एकटाच मोठ्यानं हसत गेलो. लोकांना वाटलं, पोरगं बह्याड झालं.

खालची बाजू कमी म्हणून एक अडचण उरायची. बेरीज ऋण आली आणि फार मोठी आली, तर ती खाली मावत नसे. सुई एका जागी जाऊन अडायची आणि तो आकडा खोटा असायचा. ती जागा मी मीटरच्या काचेवर शाईच्या रेघेनं दाखवून ठेवली. इथवर खरं, याच्या पुढं नाही.

सरांनी रेघ पाहिली. "हे काय?"

"सर, याच्या पुढं भरोसा नाही."

"अहो, मग ते काचेवर लिहून कशाला ठेवायचं? पाहुण्यांना आपली उणीव आपणच दाखवायची?" खिशातून ब्लेड काढून त्यांनी ती रेघ खरवडून टाकली. मग दोन मीटरांकडे पाहिलं. "आणि हे दोघं सारखे करून घ्या. बघणाऱ्याला वाटेल, आपल्याला साधं सारखं व्होल्टेज करता येत नाही."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शिडी, पायरी, गिरणी. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चहाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. "बघू," म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"हार तुमच्याकडूनच येऊ द्या बरं का. बाजारातले शिळे असतात. शेवंतीचे आणा, टवटवीत. सकाळी जरा लवकर जाऊन स्वतः घेऊन या."

हे नवीन नव्हतं. स्नेहसंमेलन असो, कोणाचा निरोप असो, सरस्वतीपूजन असो, फुलं आमच्या मळ्यातून यायची. विद्यार्थी होतो तेव्हा मला त्यात मान वाटायचा.

"आणेन सर. मग यंत्र मी आल्यावरच सुरू करू."

"यंत्र ते दाखवतील." ते म्हणजे वकिलाचा मुलगा. "त्यांचं इंग्रजी जरा सफाईदार आहे. तुम्ही स्वागताचं पाहा."

"माझं काही चुकलं का सर?"

"चुकलं कुठं? अहो, जो तो आपापल्या जागी शोभतो."

घरी येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं की उद्या हार पाहिजेत. आई आणि बाबा कंदील लावून ओवत बसले. बाबा म्हणाले, "सायबाले सांगजो, हे आमच्या घरचे हायेत. म्हंजे ध्यानात राहीन तू." त्यांना वाटत होतं, हारामुळं माझं काम होईल.

सकाळी मी मळ्यातून हार घेऊन आलो तोवर प्रयोगशाळेत सगळं उरकलं होतं. माझ्या पेटीतून खालच्या बाजूची तार सोडलेली. तिच्या जागी कोऱ्या करकरीत ड्राय बॅटऱ्यांची ओळ लावलेली. शिडीतला एक रेझिस्टन्स बदललेला. दोन्ही मीटरांच्या सुया एकाच आकड्यावर, आणि बेरजेची सुई शून्यावर. सर खूश होते. "आता कसं डोळ्यांना बरं वाटतं!"

मी वकिलाच्या मुलाला, माझ्या जोडीदाराला, बाजूला घेतलं. "अबे, हे काय केलं? वरची बाजू लाइनीवर आणि खालची बॅटरीवर? गिरणी सुरू झाली की वरची पडीन, खालची पडनार नाई. शून्य कुठी राहीन?"

"माले समजते रे बावा. पण सरांनी सांगितलं. अन् साहेब दहाच्या आत येतीन, गिरणी तर दुपारची सुरू होते. निघून जाईन सगळं."

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो फक्त आमच्या सत्काराला विसरला.

साहेब वेळेवर आले. उंच, कोरडा माणूस, मराठी चांगली बोलायचा पण कमी बोलायचा. आधी स्वागतगीत. मग संस्थेच्या सेक्रेटरींचं भाषण, त्यात कॉलेजचा सगळा इतिहास. मग हार. साहेबांना हार, सेक्रेटरींना हार, प्रिन्सिपॉलना हार, आणि मग कोणाला तरी आठवलं की ज्यांनी इमारतीला मदत केली ते शेठही बसले आहेत, त्यांनाही हार. मी ताट धरून उभा. हार घालणाऱ्यांची नावं एकेक करून पुकारली जायची, तो माणूस मागच्या रांगेतून उठून सावकाश चालत यायचा. आमच्या वऱ्हाडात सत्काराला घाई करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मग चिवडा, पेढे, चहा. साहेब घड्याळ काढून बघत होते. आम्ही ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना आणखी चहा पाहिजे असा लावला गेला.

प्रयोगशाळेत पाय ठेवला तोवर दुपार झाली होती. जोडीदारानं छान इंग्रजीत सुरुवात केली. एक व्होल्टेज दिलं, दुसरं दिलं, सुई बेरजेवर गेली. साहेबांनी मान हलवली. आणि मागं गिरणीची मोटर गुरगुरली.

दिवा लाल झाला. बेरजेची सुई शून्याकडं घसरली, शून्य ओलांडून पलीकडं गेली. कोणी काही दिलं नाही, घेतलं नाही, आणि बेरीज उणे! जोडीदारानं घाईनं बटण फिरवून तिला जागेवर आणलं. तोवर मोटर सावरली, वीज वर आली, आणि सुई दुसऱ्या बाजूला धावली. त्यानं पुन्हा फिरवलं. मोटर पुन्हा गुरगुरली, वीज पुन्हा खाली. तो सुईच्या मागं आणि सुई गिरणीच्या मागं. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळाला घाम आला होता. मला त्याची दया आली नाही.

"हे काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

सर शांतपणे म्हणाले, "त्याचं असं आहे, वीज पुरवणारा भाग आमच्या या डेमॉन्स्ट्रेटरनी घरगुती पद्धतीनं केलाय." आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. मी दाराशी रिकामं ताट घेऊन उभा होतो. "नवीन आहेत. शिकतायत अजून."

सकाळपासून ते यंत्र माझं नव्हतं. दुपारी ते माझं झालं.

मी ताट टेबलावर ठेवलं. मला तेव्हा नक्की कळत होतं की गप्प राहिलो तर जागा कदाचित मिळेल आणि बोललो तर मिळणार नाही. पुष्कळ जण म्हणतात, रागाच्या भरात तोंडून गेलं. माझं तसं नाही. मी समजून बोललो.

"सर, यात निम्माच भाग माझा हाये. निम्मा आज सकाळी बदलला."

साहेबांनी विचारलं, "तुमचा निम्मा परत लावता येईल?"

"येईन साहेब. सकाळी काढलेला रेझिस्टन्स पाहिजे."

जोडीदारानं मुकाट्यानं तो कोटाच्या खिशातून काढून दिला. मी बॅटऱ्या सोडल्या, माझी तार लावली, रेझिस्टन्स बसवला. खालच्या मीटरची सुई निम्म्यावर येऊन थांबली. पुन्हा बेरीज दिली. तोवर गिरणी थांबली होती. साहेब म्हणाले, थांबा, ती पुन्हा सुरू होऊ द्या. सगळे उभे राहिले. एवढी मोठी माणसं तेलाच्या गिरणीची वाट पाहत उभी आहेत, हे दृश्य पुन्हा काही मी पाहिलं नाही. मोटर गुरगुरली, दिवा लाल झाला, दोन्ही सुया वाकल्या. बेरजेची सुई थरथरली आणि राहिली.

"पण हे दोन सारखे का नाहीत?"

"सारखे कायले पाहिजेत, साहेब? एकाच वेळी खाली आले, एकाच वेळी वर गेले, की झालं."

साहेब वाकून मीटर पाहत होते. काचेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं काहीतरी खरवडलंय."

"तिथं खूण होती. त्याच्या पुढं यंत्र खोटं सांगतं."

"मग ती खूण काढली कशाला?"

उत्तर द्यायची गरज नव्हती, ब्लेड कोणाच्या खिशात असतं ते सगळ्या कॉलेजाला माहीत होतं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, छान आहे म्हणाले, आणि नागपूरच्या गाडीला निघून गेले.

जागा मंजूर झाली. साहेबांनी प्रयोगशाळेबद्दल चांगलं लिहिलं होतं असं ऐकलं. वकिलाच्या मुलाला कायम केलं.

सरांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली. त्याआधी कधी दिली नव्हती.

"तुमचं बरोबर होतं. मी नाकारत नाही."

"मग सर?"

"ते मला एकट्याला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं सर. दोन वेळा."

"हो. पण माणसानं वेळ पाहावी." त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "नेमणुकीच्या कमिटीत मी स्वतः म्हणालो, मुलगा हुशार आहे. पण चार लोकांत मिळून-मिसळून काम करणारा माणूस लागतो हो. राग मानू नका."

राग मानू नका, हे ते मनापासून म्हणाले. तेच मला आजवर पचलेलं नाही. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती आणि मोकळा झालो असतो.

जोडीदार जिन्यात भेटला. "तू माले बोल, शिव्या दे," म्हणाला. "पण मी नाही म्हटलं असतं तरी तुले थोडीच देणार होते? तिसरा कोणी आणला असता."

तेही खरंच होतं. मी त्याला म्हटलं, "मंग नाही म्हणून तरी पाह्यचं होतं ना, राजा. माले दिसलं असतं." त्यानंतर आमच्यात डबा उघडला गेला नाही.

घरी बाबा वाफ्याला पाणी देत होते. मी बांधावर उभा राहिलो.

"झालं काय पक्कं?"

"नाही."

"काहून? मशीन बिघडली काय तुह्या हातानं?"

"नाही बाबा. बिघडली होती, मी सुधरवली."

त्यांनी फावडं मारून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कोनासमोर सुधरवली?"

मी सांगितलं. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "त्याले दोन पोळ्या जास्त वाढ."

उन्हाळ्यात मला नेहमीप्रमाणे घरी पाठवलं, आणि कॉलेज उघडलं तेव्हा बोलावणं आलं नाही. बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेलो. तिथल्या एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर पाहिजे होता. मुलाखत घ्यायला एकटे शाळेचे सेक्रेटरी, धोतर-टोपीतले, सुपारी कातरत बसलेले. त्यांनी माझा बी.एस्सी.चा कागद उलटसुलट पाहिला.

"शिक्षण तर चांगलं दिसते. अमरावतीचं कॉलेज सोडून शाळेत कायले येऊन राहिले? भांडण-बिंडण झालं काय?"

गाडीत बसल्यापासून मी उत्तर ठरवून ठेवलं होतं, तिथं जागा हंगामी होती म्हणून. ते तोंडातून निघालं नाही.

"झालं," मी म्हटलं. "एका मशीनवरून झालं. अन् बरोबर मीच होतो."

सेक्रेटरींनी अडकित्ता खाली ठेवला आणि पोट हलेस्तोवर हसले.

"मंग काही हरकत नाई, मास्तर. आमच्याकडं मशीनच नाई. भांडसान कशावरून?"

त्यांनी मला तिथंच नेमून टाकलं, कायम. मी उठून वर्ग पाहायला गेलो. एका भिंतीला फळा होता, बाकी खरंच काही नव्हतं.